११५ एचपी आउटबोर्ड चालता चालता बंद पडतं, पाच मिनिटांनी परत चालू होतं. पेट्रोल की इलेक्ट्रिक?

खारेपाणी

नमस्कार मंडळी,

२१ फुटी फायबर बोट, मागे बाहेरून लावलेलं ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) आउटबोर्ड इंजिन. टाकी डेकखाली, अ‍ॅल्युमिनियमची, १५० लिटरची. टाकी आणि इंजिनच्या मध्ये वॉटर सेपरेटर फिल्टर (पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा) आणि प्राइमर बल्ब (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा), एवढंच.

त्रास असा आहे. थंड इंजिन एका सेल्फला चालू होतं. आयडलला कितीही वेळ ठेवा, काही होत नाही. ४००० ते ४५०० आरपीएमवर अर्धा-पाऊण तास व्यवस्थित जातं आणि मग एकाएकी ताकद जाते, चार-पाच सेकंद आचके देतं आणि बंद पडतं. अलार्म वाजत नाही, पॅनेलवर दिवाही लागत नाही. लगेच सेल्फ मारला तर नुसतं फिरतं, घेत नाही. पाच मिनिटं थांबून, बल्ब दाबून सेल्फ मारला की चालू होतं आणि काही झालंच नव्हतं असं पळतं. कधी थोड्याच वेळात परत तेच, कधी सबंध फेरीत एकदाही नाही.

आतापर्यंत स्पार्क प्लग, वॉटर सेपरेटरचं एलिमेंट आणि प्राइमर बल्ब बदललं. फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो हाय प्रेशर पंप बदलू, त्याने नाही झालं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. दुसरा म्हणतो क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्ट फिरण्याचा सिग्नल देणारा). तिन्ही महाग आहेत आणि अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाहीये. आधी काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने?

टॅकोमीटर

पार्ट बदलणं आत्ताच थांबवा. अधूनमधून येणारा फॉल्ट पार्ट बदलून कळत नाही, कारण दोन फेऱ्या नीट गेल्या की नवीन पार्टमुळेच ठीक झालं असं वाटतं आणि तिसऱ्या फेरीत परत भर पाण्यात उभे. फॉल्ट येतो त्याच क्षणी काय चाललंय ते पकडायला हवं. त्यासाठी तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली गोष्ट, इंजिन मरतं कसं. चावी फिरवल्यासारखं एका झटक्यात बंद झालं तर संशय इलेक्ट्रिकवर: किल स्विच (चालकाच्या दोरीची क्लिप निघाली की इंजिन बंद करणारा), मेन फ्यूज, रिले, सेन्सर. तुमच्यासारखं आधी ताकद जाऊन, आचके देत, मिसिंग करत बंद पडलं तर संशय पेट्रोलवर. हा नियम शंभर टक्के नाही, अपवाद आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते यातून ठरतं. आणि गरम झालं किंवा ऑइल प्रेशर गेलं तर आजची बहुतेक आउटबोर्ड बंद पडत नाहीत. अलार्म देऊन आरपीएम खाली आणतात आणि तिथेच धरून ठेवतात. अलार्मच नाही म्हटल्यावर तो विषय बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट, बंद पडल्याबरोबर बल्ब हातात घ्या. दाबायचा नाही, आधी नुसता बघायचा. दाबलात की पुरावा गेला.

बल्ब चपटा झालाय, बाजू आत ओढल्या गेल्यात: इंजिन ओढतंय पण टाकीकडून पेट्रोल येत नाही. अडथळा बल्ब आणि टाकीच्या मध्ये कुठेतरी.

बल्ब मऊ आहे, चपटा नाही, पाच-सहा वेळा दाबल्यावर कडक होतो: लाइनने हवा धरलीय. कुठेतरी सैल क्लॅम्प, चिरलेली होज, फिल्टर हेडच्या ओ-रिंगमधून हवा, किंवा टाकीतल्या पिकअप ट्यूबला (पेट्रोल ओढून घेणारी नळी) वरच्या बाजूला चीर. ट्यूबच्या चिरेची खूण म्हणजे टाकी भरलेली असताना त्रास नाही, अर्ध्याखाली आली की सुरू.

बल्ब भरलेला, कडक, तरी इंजिन मेलेलं: बल्बपर्यंत पेट्रोल पोचतंय. मग इंजिनवरचा फिल्टर, लिफ्ट पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा), व्हीएसटी (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी इंजिनवरची छोटी टाकी), हाय प्रेशर पंप, नाहीतर इलेक्ट्रिक.

चालत्या इंजिनवर बल्ब थोडा मऊ असणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. शिवाय नवीन बल्ब बसवलाय तर बाणाची दिशा इंजिनकडे आहे ना बघा, आणि दाबताना बाणाचं टोक आकाशाकडे धरा. आतले व्हॉल्व्ह नीट बसण्यासाठी तसं लागतं.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेगळी टाकी. २५ लिटरची पोर्टेबल टाकी घ्या, तिची स्वतःची होज आणि स्वतःचा बल्ब, ताजं पेट्रोल. बोटीची टाकी, फिल्टर, होज सगळं बाजूला ठेवून इंजिन थेट तिच्यावर चालवा. होजचा आतला व्यास ३/८ इंच हवा. लहान इंजिनाची बारीक होज लावलीत तर नवाच अडथळा तयार होईल आणि टेस्ट फसेल. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पाण्यात, लोड घेऊन, नेहमी ज्या स्पीडला त्रास येतो त्याच स्पीडला चालवा. ४५०० ला तुमचं इंजिन तासाला साधारण २० ते २५ लिटर पितं, म्हणजे एक टाकी जेमतेम तासभर पुरेल. दोन टाक्या न्या. एकदा नीट गेलं म्हणून निकाल देऊ नका, नेहमी जेवढ्या वेळात फॉल्ट येतो त्याच्या दुप्पट तरी चालवा.

वेगळ्या टाकीवर अजिबात बंद पडलं नाही तर हाय प्रेशर पंप, ईसीयू, क्रँक सेन्सर, इंजेक्टर सगळे एका फटक्यात सुटले. तरीही बंद पडलं तर बोटीची टाकी सुटली आणि कव्हर उघडायला हरकत नाही. एवढ्या कमी खर्चात एवढं सांगणारी दुसरी टेस्ट नाही, आणि हीच टेस्ट लोक सगळ्यात शेवटी करतात.

बारा_व्होल्ट

टॅकोमीटर यांच्याशी नव्वद टक्के सहमत, पण तो अपवाद नीट सांगायला हवा. आचके देत बंद पडणं म्हणजे पेट्रोल, इथे बरेच जण फसतात. हाय प्रेशर पंप विजेवर चालतो. त्याच्या रिलेचा किंवा फ्यूजचा कॉन्टॅक्ट गरम होऊन सुटला तर पंप थांबतो, रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरायला दोन-तीन सेकंद जातात, आणि इंजिन अगदी पेट्रोल संपल्यासारखं आचके देत मरतं. पाच मिनिटांत कॉन्टॅक्ट थंड झाला की परत चालू. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

ओळखायचं असं: पंपाच्या कनेक्टरवरच्या दोन वायरींना समांतर एक १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडा आणि लांब वायरीने तो स्टिअरिंगजवळ आणा. इंजिन मरताना दिवा आधी विझला तर वीज गेली. दिवा चालू राहून इंजिन मेलं तर पंपाला वीज मिळत होती, पेट्रोल मिळत नव्हतं. पंप स्वतः जाम झाला तरी दिवा चालूच राहील, तेवढं ध्यानात असू द्या. वायर फ्लायव्हीलपासून लांब बांधा.

पॅनेलवरच्या टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएमचा काटाही बोलतो. इंजिन अजून गरगरतंय, बोट पुढे जातेय आणि काटा पटकन शून्यावर पडला तर सिग्नल किंवा वीज गेली. काटा इंजिनबरोबर हळूहळू उतरला तर बहुधा पेट्रोल. सगळेच गेज एकदम मेले तर मेन फ्यूज, चावी किंवा बॅटरीचं कनेक्शन.

क्रँक सेन्सरची लक्षणं वेगळी असतात. तो गरम झाल्यावर आतली वाइंडिंग सुटते आणि स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही एकदम जातात. म्हणजे झटक्यात बंद, आचके नाहीत. थंड व्हायला पाच मिनिटं पुरत नाहीत, पंधरा-वीस तरी लागतात. आणि बल्ब दाबा किंवा नका दाबू, त्याला फरक पडत नाही. तुमचं वर्णन याच्याशी जुळत नाही.

तरीही पाण्यात जाण्यापूर्वी हे करून घ्या, फुकटचं काम आहे:

बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने आवळायचे पंखवाले नट असतील तर काढून टाका, नायलॉक नट आणि स्प्रिंग वॉशर लावा, पान्ह्याने आवळा. लाटांच्या दणक्याने पंखवाले नट सैल होतात. हाय आरपीएमवर बॅटरीचं कनेक्शन क्षणभर जरी सुटलं तरी व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जातो, म्हणजे एका फॉल्टचे दोन होतात.

मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर, म्हणजे लगवर (केबलच्या टोकावर) नाही, शिशाच्या खुंटीवर. काळं टोक इंजिनवर जिथे जाड लाल केबल येते त्या बोल्टवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या केबलमध्ये किंवा जोडात वीज अडतेय. मायनस बाजूलाही तेच: पोस्ट ते इंजिनचा ब्लॉक. सेल्फ मारताना बॅटरीवरचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि चालत्या इंजिनवर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावं.

फ्यूज नुसता बघू नका, बाहेर काढा. पायाला काळपट डाग किंवा होल्डरचं प्लास्टिक वितळलेलं असेल तर तिथे कॉन्टॅक्ट खराब आहे. बऱ्याच इंजिनांत मेन रिले आणि पंप रिले एकसारखे असतात. पार्ट नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा.

खोलपाणी

किल स्विचबद्दल कोणीच काही बोललं नाही. झटक्यात बंद पडणाऱ्या इंजिनात निम्मे वेळा तोच निघतो. सोपा उपाय, स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून बायपास करा आणि चालवून बघा.

बारा_व्होल्ट

असं सरसकट सांगू नका, धोक्याचं आहे. किल स्विच दोन उलट पद्धतींचे असतात. बहुतेक आउटबोर्डवर क्लिप काढली की कॉन्टॅक्ट जुळतो आणि स्टॉप वायर अर्थ होऊन स्पार्क बंद होतो. अशा ठिकाणी दोन वायरी जोडल्यात तर इंजिन चालूच होणार नाही. तिथे वायर सोडवावी लागते. इनबोर्डवर (इंजिन बोटीच्या आत असलेल्या) बहुतेक उलट असतं, क्लिप काढली की इग्निशनची लाइन तुटते. आधी वायरिंग डायग्राम बघा, नाहीतर मल्टीमीटरच्या बीपवर क्लिप लावून आणि काढून तपासा.

आउटबोर्डची स्टॉप वायर सोडवली तर चावीनेही इंजिन बंद न होण्याची शक्यता असते, म्हणून बंद करण्याचा दुसरा मार्ग आधी ठरवा. आणि ही टेस्ट बोट बांधलेली असताना, न्यूट्रलमध्येच. माणूस पाण्यात पडला तर त्याला प्रोपेलरपासून वाचवणारी ती एकच गोष्ट बोटीवर असते. बायपास करून फिरायला जायचं नाही.

खोलपाणी

बरोबर आहे, माझ्या डोळ्यासमोर इनबोर्डचं वायरिंग होतं.

मचवा

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझं स्टर्नड्राइव्ह आहे (इंजिन बोटीत, ड्राइव्ह मागे बाहेर), कार्ब्युरेटरचं मर्क्रूझर अल्फा वन. पळताना काहीच नाही, पण गिअरमधून न्यूट्रलला आणलं की बंद पडतं. दर वेळी नाही, चारातून एकदा. आयडल वाढवून बघितलं, थोडा फरक पडतो एवढंच.

टॅकोमीटर

मचवा, तुमचा फॉल्ट वेगळा आणि ओळखीचा आहे. आयडल वाढवू नका, त्याने गिअर टाकताना डॉग क्लचला (गिअर जुळवणाऱ्या दात्यांना) दणका बसतो आणि तो झिजतो.

अल्फा वनमध्ये गिअर सुटावा म्हणून क्षणभर इग्निशन तोडणारा एक छोटा स्विच शिफ्ट प्लेटवर असतो, शिफ्ट इंटरप्ट स्विच. गिअरमधून बाहेर येताना केबलवर जोर आला की प्लेटचा लिव्हर हलतो आणि स्विच दाबला जातो. गिअर सुटला की त्याने लगेच परत यायला हवं. खालची शिफ्ट केबल, म्हणजे इंजिनपासून ड्राइव्हला जाणारी, आत गंजून जड झाली की लिव्हर परत यायला वेळ लागतो. तेवढ्यात इंजिन मरतं.

इंजिन बंद ठेवून केबल शिफ्ट प्लेटवरून सोडवा आणि हाताने ओढून बघा. दुसरा माणूस प्रोपेलर हळू फिरवत राहिला तर गिअर जुळायला मदत होते. केबल लोण्यासारखी हलायला हवी, खरखर किंवा अडखळ असेल तर बदला. केबलमध्ये तेल सोडून काही दिवस निघतील, पण आत पाणी शिरलेलं असतं आणि ते परत गंजतं. केबलचा रबरी बेलोज फाटलाय का तेही बघा, तिथून बोटीत पाणी येतं. नवीन केबल बसवल्यावर मॅन्युअलप्रमाणे अ‍ॅडजस्टमेंट करावीच लागते, जुन्या मापावर बसवली तर हाच त्रास परत.

बंद इनबोर्ड इंजिनरूममध्ये काम करताय, म्हणून आधी हॅच उघडा, ब्लोअर निदान चार मिनिटं चालवा आणि नाकाने वास घ्या. मगच सेल्फ.

खारेपाणी

सगळ्यांचे आभार. बॅटरीचे नट बदलले, व्होल्टेज ड्रॉप दोन्ही बाजूंना ०.३ च्या आत आहे. फ्यूज, रिले स्वच्छ. पंपावर दिवा जोडला होता. इंजिन मेलं तेव्हा दिवा चालूच होता, आणि बल्ब अगदी चपटा, पिळल्यासारखा. दोन-तीन मिनिटांत तो आपोआप फुगला.

पोर्टेबल टाकीवर ४५०० ला दोन्ही टाक्या संपेपर्यंत चालवलं, एकही आचका नाही. म्हणजे दोष बोटीच्या टाकीकडे. आता फिल्टर, होज, टाकीवरचा व्हॉल्व्ह, हवेची नळी यातलं नेमकं कोण हे कसं शोधू? फिल्टर नवाच आहे.

टॅकोमीटर

छान, आता हाय प्रेशर पंप आणि ईसीयूची चर्चा संपली.

पुढचं हत्यार व्हॅक्यूम गेज, म्हणजे लाइनमधली ओढ मोजणारं. ० ते १५ इंच पाऱ्याचं घ्या. ३० चं चालेल पण काटा कमी हलतो. बल्ब आणि इंजिनच्या मध्ये, जितकं इंजिनजवळ जमेल तितकं, ३/८ चा टी टाका आणि गेजची नळी स्टिअरिंगजवळ आणा. टी च्या आधी पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घाला, त्यात बुडबुडे दिसतात. हा तुकडा टेस्टपुरता, नंतर काढायचा. नियमाप्रमाणे बोटीत कायम ठेवायची होज मरीन ग्रेडचीच हवी.

आयडलला काटा १-२ इंचांच्या आत आणि फुल थ्रॉटलला साधारण ४ च्या आत असावा. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. व्हॅक्यूम त्याच्या बरंच वर गेलं की लाइनमध्येच पेट्रोलची वाफ व्हायला लागते, उन्हात तर आणखी लवकर, आणि लिफ्ट पंपाला वाफ ओढता येत नाही.

आकड्यापेक्षा काटा कसा चढतो ते महत्त्वाचं. त्यावरून दोषी कोण ते बहुतेक कळतं.

थ्रॉटल वाढवल्याबरोबर काटा चढतो आणि कमी केल्याबरोबर उतरतो, दर वेळी सारखाच: कायमचा अडथळा. अर्धवट चिकटलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारा), चोंदलेला फिल्टर, बारीक होज, किंवा आतून पापुद्रा सुटलेली होज. होजचा हा प्रकार फसवा असतो. बाहेरून ठणठणीत दिसते, आत अस्तर सुटून ओढीबरोबर मध्ये येतं.

एकाच स्पीडला धरलंय आणि काटा मिनिटामिनिटाला हळूहळू वर सरकतोय: टाकीला हवा मिळत नाही. फुल थ्रॉटलला ११५ एचपी तासाला ३५ ते ४० लिटर ओढतं, तेवढीच हवा व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) आत यायला हवी. आयडलला दोन-तीन लिटर लागतात, तेवढी कुठूनही शिरते, म्हणून आयडलला त्रास दिसत नाही. टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज येऊन हवा आत गेली आणि काटा पडला की झालं निदान. व्हेंटच्या जाळीत किड्यांनी घर केलेलं असतं, किंवा व्हेंटची होज कुठेतरी झोळासारखी लोंबून त्यात पेट्रोल साचलेलं असतं. होजला टाकीपासून व्हेंटपर्यंत सतत चढ हवा.

काटा बराच वेळ जागेवर शांत, आणि अचानक दोन-चार सेकंदांत ८-१० वर उडी: काहीतरी पिकअप ट्यूबच्या तोंडाला येऊन चिकटलं. इंजिन बंद झालं की ओढ संपते, ते सुटून खाली पडतं आणि तरंगत जातं. पाच मिनिटांनी सगळं ठीक, परत कधी येईल सांगता येत नाही. तुमचं वर्णन मला याच्यासारखं वाटतं, पण गेज काय म्हणतं ते बघू.

काटा जवळपास शून्यावर आणि पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ: हवेची गळती. तुमचा बल्ब चपटा होता, म्हणजे हे नाही.

खोलपाणी

व्हॅक्यूम जास्त आलं तर विभागून शोधा. टी फिल्टरच्या आधी हलवा. आकडा एकदम कमी झाला तर फिल्टर किंवा त्याचं हेड दोषी. नवीन फिल्टर म्हणजे स्वच्छ फिल्टर असं धरून चालू नका. टाकीत पाणी असेल तर एका फेरीत नवीन १० मायक्रॉनचं एलिमेंट भरतं. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओता आणि दहा मिनिटं ठेवा, पाणी तळाला वेगळं दिसतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात थोडं पाणी विरघळून राहतं, पण १० टक्के इथेनॉल असेल तर पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. ते पेट्रोल औषधं घालून सुधारत नाही, बाहेर काढावंच लागतं.

खारेपाणी

गेज लावलं. ४५०० ला काटा २ वर अगदी शांत. बराच वेळ तसाच. मग एकदम ९ वर गेला, इंजिनने आचके दिले आणि मेलं. झाकण उघडलं, फुस्स आवाज नाही, काटा तसाच. थोड्या वेळाने हळूहळू शून्यावर आला. बुडबुडे नव्हते. बरणीत पाणीही नाही.

म्हणजे पिकअप. डेकची हॅच काढली की टाकीवर पेट्रोल गेजचं सेंडर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) आणि पिकअपचं फिटिंग दोन्ही दिसतात. आता उघडताना काय काळजी घेऊ?

टॅकोमीटर

बोट बाहेर मोकळ्या हवेत, बॅटरीचा मेन स्विच बंद, अग्निशामक हाताशी. जवळ मोबाइल चार्जर, ग्राइंडर, साधा हॅलोजन काही नको. बघायला स्फोटरोधक टॉर्चच. व्हॅक्यूम क्लीनरने टाकी साफ करायचा विचारही करू नका, त्याच्या मोटारची ठिणगी थेट पेट्रोलच्या वाफेत पडते. पेट्रोल हातपंपाने काढा, पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये, आणि कॅन जमिनीवर ठेवून भरा.

हॅचभोवतीची वाळू, मीठ आधी पुसून घ्या, नाहीतर उघडताना तेच आत पडेल. सेंडरला पाच स्क्रू असतात, भोकं मुद्दाम असमान अंतरावर असल्यामुळे ते एकाच पद्धतीने बसतं, तरी खूण करून ठेवा. गॅस्केट नवीन घ्या.

पिकअपच्या फिटिंगवर होजच्या आधी जो पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा जाडसर बार्ब (होज चढवायचं टोक) आहे तोच अँटी-सायफन व्हॉल्व्ह. आत स्प्रिंग आणि गोळी असते. काढून पुढून बघा, बारीक काडीने गोळी दाबा, सहज आत जाऊन परत यायला हवी. पांढरी भुकटी किंवा मीठ दिसलं तर नवीन बसवा. स्वस्त आहे, घासत बसू नका. पण काढून टाकून साधा बार्ब लावायचा नाही. होज तुटली तर टाकीतलं पेट्रोल सायफन होऊन बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) उतरू नये यासाठी तो आहे.

पिकअप ट्यूब बाहेर काढा. तळापासून साधारण इंचभर वर आणि टोक तिरकं कापलेलं असावं. टोकाला बारीक जाळी असेल तर माझं मत ती काढावी असं आहे. तिथे ती साफ करता येत नाही आणि तेच काम वॉटर सेपरेटर जास्त चांगलं करतो, तोही हाताच्या अंतरावर.

नळीतून उलटी हवा मारून कचरा ढकलणं हा इलाज नाही, तो टाकीतच राहतो. निदानापुरती मारायची असेल तर व्हॉल्व्ह आणि बल्ब दोन्ही बाजूला काढून, अगदी कमी प्रेशरने. त्यांच्यातून उलटी हवा जातच नाही.

खारेपाणी

सापडलं. सेंडरच्या भोकातून टॉर्च मारल्यावर तळाशी चकाकणारं काहीतरी हलताना दिसलं. बोटांच्या लांब चिमट्याने काढलं. बाटलीच्या तोंडावरचं चंदेरी सील आहे, अंगठ्याच्या पेराएवढं, कागदाहून पातळ. त्यावर ट्यूबच्या तोंडाचा लांबट गोल ठसा स्पष्ट उमटलाय. पेट्रोलमध्ये घालायच्या स्टॅबिलायझरच्या बाटलीचंच असणार, सील फोडताना तुकडा आत गेला. शिवाय भरायच्या होजच्या आतल्या रबराच्या दोन-तीन काळ्या चिंध्या निघाल्या. व्हॉल्व्हची गोळीही थोडी अडखळत होती.

बसवताना व्हॉल्व्हच्या आट्यांना टेफ्लॉन टेप चालेल का?

टॅकोमीटर

टेप नको. आवळताना तिचे धागे तुटून आत जातात आणि पुढच्या वेळी तेच गोळीखाली अडकतात. पेट्रोलला टिकणारं थ्रेड सीलंट ब्रशने लावा, पहिला आटा कोरडा सोडा. अ‍ॅल्युमिनियममध्ये जोर करून आवळू नका, आटे जातात.

आणि त्या काळ्या चिंध्यांकडे दुर्लक्ष करू नका. सील निघालं म्हणून काम संपलं नाही. भरायची होज आतून सुटायला लागलीय, दर वेळी पेट्रोल भरताना तिचे तुकडे टाकीत पडत राहतील आणि काही महिन्यांनी हेच परत होईल. होज बदला, मरीन ग्रेडची, दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लॅम्प. टाकी ते फिल्टर ती होजही त्याच वयाची असेल तर एक टोक कापून आत बोट फिरवा. चिकट किंवा पापुद्रा लागला तर तीही बदला.

बारा_व्होल्ट

सेंडर परत बसवताना त्याची अर्थ वायर विसरू नका. फ्लँजच्या एका स्क्रूवर हिरवी वायर असते आणि दुसरी वायर भरायच्या झाकणाच्या धातूच्या कॉलरला जाते. पेट्रोल भरताना होणारी स्थिर वीज तिथून उतरते. भरायची होज बदलणार असाल तर ही वायर हमखास सुटते. नंतर मल्टीमीटरने कॉलर ते टाकी तपासा, १ ओहमच्या आत यायला हवं.

खोलपाणी

सगळं जोडल्यावर बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवा. मऊ पडला नाही पाहिजे. प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा टिश्यू फिरवा, ओला डाग आला तर तिथे गळती. हॅच लगेच बंद करू नका. व्हॅक्यूम गेज अजून काढू नका, नव्या होजवर ४५०० ला काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला तोच आकडा लागेल.

खारेपाणी

भरायची होज आणि टाकी ते फिल्टर, दोन्ही नवीन टाकल्या. व्हॉल्व्ह नवीन, ट्यूबची जाळी काढली. कॉलर ते टाकी ०.४ ओहम. ४५०० ला व्हॅक्यूम १.५, फुल थ्रॉटलला ३ च्या थोडं खाली, काटा हलत नाही. गेज आणखी काही फेऱ्या तसंच ठेवतोय. स्टॅबिलायझर यापुढे सील पूर्ण काढून, जाळीच्या नरसाळ्यातूनच.